९ महिन्यांच्या बाळाची गोवरची लस, व्हिटॅमिनचे ड्रॉप्स आणि सासऱ्यांच्या गोळ्या, कुणी डॉक्टर असेल तर प्लीज सांगा

नाशिककर_आई
नमस्कार सगळ्यांना. माझी मुलगी या आठवड्यात ९ महिन्यांची झाली आणि आशाताई येऊन सांगून गेल्या की गुरुवारी अंगणवाडीत लसीकरण आहे, गोवर-रुबेलाची लस आहे आणि त्यासोबत अजून दोन सुया आणि एक तोंडातून द्यायचा डोस, सगळं एकाच दिवशी. तिला परवापासून सर्दी आहे, नाक वाहतंय पण ताप नाही, दूध व्यवस्थित पितेय, खेळतेय. सासूबाई म्हणतात एवढं एकदम नको, सर्दी जाऊदे मग बघू, आणि आमच्या वेळी गोवर सगळ्यांनाच यायचा, उंबऱ्याला कडुलिंब बांधायचो, आठ दिवसांत मुलं अंगणात खेळायला लागायची. त्यात नणंदेने ग्रुपवर व्हिडिओ टाकलाय की या लसीने ऑटिझम होतो, तो बघितल्यापासून मिस्टरांच्या पण डोक्यात किडा शिरलाय. आधीचे सगळे डोस आम्ही प्रायव्हेटमध्ये पेनलेसवाले घेतलेत तर आता मधेच सरकारी चालेल का?
दुसरं म्हणजे तिला व्हिटॅमिन डीचे ड्रॉप्स चालू आहेत, मेडिकलवाल्याने मल्टिव्हिटॅमिनची एक बाटली पण दिलीये, आता आशाताई आयर्नचं औषध पण देणार म्हणाल्या. एवढं सगळं एवढ्याशा जिवाला द्यायचं का?
आणि सासरे ६८ वर्षांचे, शुगर आहे, त्यांना कुणीतरी न्यूमोनियाची लस घ्या म्हणालं. ते म्हणतात मी एवढ्या ताकदीच्या गोळ्या घेतो मला लस कशाला. पोस्ट लांबली, सॉरी.

पिंपरी_मम्मा
अगं आम्ही दोन्ही मुलांचे सगळे पेनलेसच घेतले, ताप अजिबात आला नाही. माझ्या भाच्याला सरकारी डोस दिला तर मांडी एवढी सुजली होती की दोन दिवस पाय हलवत नव्हता. सर्दी असेल तर थांब, कशाला रिस्क घ्यायची. आणि मल्टिव्हिटॅमिन चालूच ठेव, इम्युनिटी वाढते. व्हिटॅमिनचा तोटा काही नसतो, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं.

तालुक्याचा_बालरोगतज्ज्ञ
नाशिकच्या ताई, गुरुवारी लस देऊन घ्या. बाकीचं सविस्तर लिहितो पण हे आधी, म्हणजे वाचता वाचता गुरुवार निघून जायला नको.
सर्दी, थोडा खोकला, दात येताना होणारी किरकिर, अगदी बारीक ताप, यातलं काही असलं तरी लस देता येते. थांबायचं कधी तर मूल खरंच आजारी दिसत असेल, सणकून ताप असेल, दूध सोडलं असेल, आधीच्या डोसनंतर मोठी ॲलर्जी झाली असेल किंवा प्रतिकारशक्तीचा गंभीर आजार असेल तेव्हा. आपल्याकडे लहान मुलाला पावसाळ्यात आणि थंडीत महिन्यातून एकदा सर्दी होतेच, ती जायची वाट बघत बघत ९ महिन्यांची लस वर्ष उलटून गेल्यावर घेतलेली मुलं माझ्याकडे नेहमी येतात आणि मधल्या काळात ती मुलं पूर्ण उघडी असतात. आईकडून मिळालेलं संरक्षण साधारण याच वयात संपत आलेलं असतं, म्हणून तर ९ महिने हे वय ठरवलंय.
सासूबाईंना खोटं पाडू नका, बऱ्याच मुलांचा गोवर खरंच आठ-दहा दिवसांत जातो. पण त्यांना एवढंच विचारा की त्या वेळी वाड्यात, भावकीत गोवरानंतर छाती भरून गेलेलं किंवा डोळे अधू झालेलं एखादं मूल होतं का. बहुतेक जुन्या बायकांना असं एक तरी नाव आठवतं. गोवराने न्यूमोनिया होतो, जुलाब लागतात, कुपोषित मुलाच्या डोळ्यांवर फूल पडतं आणि लाखात काही मुलांना बरं झाल्यावर कित्येक वर्षांनी मेंदूचा असा आजार होतो की त्यावर उपाय नाही. शिवाय गोवर येऊन गेला की शरीराने आधीच्या आजारांशी लढून जी ताकद कमावलेली असते ती बरीचशी पुसली जाते, मग पुढे महिनोन्महिने ते मूल काही ना काही कारणाने आजारी पडत राहतं. हा आजार पसरतो पण भयंकर, लस न घेतलेल्या लोकांमध्ये एक पेशंट १२ ते १८ जणांना देतो. फार जुनी गोष्ट नाही, २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी आणि आजूबाजूच्या भागात साथ आली होती, मुलं दगावली, आणि त्यात लस राहून गेलेली मुलंच जास्त होती. तेव्हा साथीच्या भागात ६ महिन्यांच्या बाळांना पण एक जादा डोस द्यायची वेळ आली होती.
९ महिन्यांच्या एका डोसने साधारण ८५ टक्के मुलांना संरक्षण मिळतं, म्हणून १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस असतो, तो घेतला की आकडा ९५ च्या वर जातो. तो दुसरा डोस लोक फार विसरतात.
आता ऑटिझम. हे आलं कुठून ते मिस्टरांना सांगा. १९९८ मध्ये इंग्लंडमध्ये वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरने फक्त १२ मुलांवर एक पेपर लिहिला. पुढे निघालं की मुलांची माहिती फिरवलेली होती आणि लस कंपन्यांवर खटला भरणाऱ्या वकिलांकडून त्याला पैसे मिळालेले होते. २०१० मध्ये तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने पेपर मागे घेतला, त्याच वर्षी त्याचं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन रद्द झालं. त्यानंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलं कित्येक वर्षं बघितली, २०१९ ला ते छापून आलं, लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण वेगळं निघालं नाही. मग आईवडिलांना तसं का वाटतं, तर ऑटिझमची लक्षणं, म्हणजे नावाला ओ न देणं, नजर न भिडवणं, बोलणं मागे पडणं, ही दीड वर्षाच्या आसपासच लक्षात येतात आणि दुसरा डोस पण तेव्हाच असतो. पालकांना दोष देत नाही मी, मूल बोलत नाही म्हटल्यावर माणूस कारण शोधतोच. पण लस न दिल्याने ऑटिझम टळत नाही आणि गोवर मात्र होऊ शकतो.
पेनलेसबद्दल. त्या इंजेक्शनात डांग्या खोकल्याचा भाग वेगळ्या पद्धतीने बनवलेला असतो, म्हणून ताप आणि सूज कमी. सरकारी पेंटाव्हॅलंटमध्ये, म्हणजे पाच आजारांच्या एकत्र लसीत, जुन्या पद्धतीचा अख्खा जंतू मारून वापरतात, त्याने ताप, सूज जास्त पण डांग्या खोकल्यापासून संरक्षण जास्त टिकतं असं दिसलंय. पिंपरीच्या ताईंच्या भाच्याची मांडी सुजली ते त्रासदायकच, पण लस खराब होती असा त्याचा अर्थ नाही. दोन्ही चांगल्या आहेत, पैसे नाहीत म्हणून कमी दर्जाची लस मिळाली असं कुणी वाटून घेऊ नका. आणि मधेच सरकारीत आलं तर चालतं, फक्त कार्ड सोबत न्या. प्रायव्हेटमध्ये न्यूमोकोकलचे (न्यूमोनियाच्या लसीचे) सुरुवातीला ३ डोस देतात आणि बूस्टर वर्षानंतर, सरकारी वेळापत्रकात २ देऊन बूस्टर ९ महिन्यांना असतो, त्यामुळे कार्ड बघून सिस्टर ठरवतील की गुरुवारी तो द्यायचा की नंतर. सरकारी लसीत गालगुंड नसतं, फक्त गोवर आणि रुबेला. गालगुंड पण हवं असेल तर १५ महिन्यांच्या आसपास बालरोगतज्ज्ञांकडे एमएमआर घ्या, मी घ्या म्हणेन.
व्हिटॅमिनचं. गुरुवारी तोंडातून देणार आहेत तो व्हिटॅमिन एचा पहिला डोस, १ लाख युनिट म्हणजे १ मिली, बाटलीसोबतच्या चमच्यात अर्ध्या खुणेपर्यंत. पुढे दर ६ महिन्यांनी २ लाख, ५ वर्षांचं होईपर्यंत, एकूण ९ डोस. हा जरूर घ्या. व्हिटॅमिन डी दिवसाला ४०० युनिट, पहिलं वर्षभर, तेही चालू ठेवा, पण आत्ता उठून बाटली बघा. काही कंपन्यांच्या ड्रॉप्समध्ये १ मिलीत ४०० असतात, काहींच्यात ८००, आणि ड्रॉपर दिसायला सारखाच. बाटली बदलली आणि आई जुन्याच हिशोबाने देत राहिली असं सर्रास होतं. आयर्नचं सिरप ६ महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिली, आपल्याकडच्या मुलांना याची खरी गरज आहे. शी काळी होते, घाबरू नका. जिभेच्या मागच्या बाजूला सोडा म्हणजे दातांना डाग पडत नाहीत.
ती मल्टिव्हिटॅमिनची बाटली मात्र बंद करा. त्यात परत ए आणि डी असतं. पिंपरीच्या ताई, लघवीवाटे जातं ते बी आणि सी. ए, डी, ई, के ही चार चरबीत साठतात, सहजासहजी बाहेर पडत नाहीत. नाचणीचं सत्त्व, वरणभातावर तूप, शिजवून कुस्करलेलं अंडं, पालक घातलेली मऊ खिचडी हे ९ महिन्यांच्या बाळाला सुरू व्हायलाच हवं, त्याची जागा कुठलीच बाटली घेत नाही. पुढे मोठी झाली की दुधात घालायच्या पावडरींचा आग्रह होईल, त्यात साखर किती आहे ते डब्यावर वाचा. २०२४ मध्ये सरकारने ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलं की असली पेयं हेल्थ ड्रिंकच्या नावाखाली ठेवू नका.
सासऱ्यांनी लस घ्यायला हवी. पण त्या ताकदीच्या गोळ्या कोणत्या ते एकदा टाका इथे.

एएनएम_चिपळूण
डॉक्टरांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त लस टोचणाऱ्या बाजूने लिहिते. ताई तुम्ही सत्राच्या ठिकाणी गेलात की बाटली बघायला मागा, आम्हाला राग येत नाही उलट बरं वाटतं. बाटलीवर एक गोल असतो आणि त्याच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असला पाहिजे. लस उन्हात-गरमीत राहिली की तो चौकोन हळूहळू गडद होत जातो, गोलाच्या रंगाचा झाला की ती बाटली आम्ही टाकून देतो. गोवर-रुबेलाची लस पावडर असते, पाणी घालून बनवली की ४ तासांच्या आत संपवायची, म्हणून बाटली उघडल्याची वेळ आम्ही तिच्यावर लिहितो, ती पण बघा. गोवरची सुई उजव्या दंडात. पोलिओची अगदी बारीक सुई डाव्या दंडात, कातडीच्या आतच देतो, छोटा फुगवटा येतो आणि जातो. न्यूमोकोकल द्यायची असेल तर ती मांडीत. तीन वेगळ्या जागा असतात म्हणून एकाच दिवशी देता येतं, आणि हे आयांना पटत नाही पण तीन वेळा येऊन तीनदा रडवण्यापेक्षा बाळाला हे बरं पडतं. शेतीची कामं निघाली की दुसऱ्या फेरीला कुणी येत नाही हा आमचा नेहमीचा अनुभव. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा, घाई करू नका. सुई दिल्या जागेवर हळद, तेल, गरम शेक काही नको, चोळायचं पण नाही.

नाशिककर_आई
डॉक्टर, सिस्टर, खूप खूप आभार. मिस्टरांना सगळं वाचून दाखवलं, गुरुवारी तेच घेऊन जाणार आहेत. ड्रॉप्सची बाटली बघितली, ८०० वाली निघाली आणि मी १ मिली देत होते, आता अर्धा करते.
सासऱ्यांची पिशवी उघडली. मेटफॉर्मिन म्हणजे शुगरची गोळी दहाएक वर्षांपासून. सकाळी उठल्याबरोबर गॅसची गोळी, तीही कित्येक वर्षं रोज. कॅल्शियम रोज, त्यावर डी३ लिहिलंय. मल्टिव्हिटॅमिन रोज. व्हिटॅमिन डीचं ६०,००० चं पाकीट दर रविवारी दुधातून, लॉकडाऊनमध्ये एका डॉक्टरांनी ८ आठवड्यांसाठी दिलं होतं ते त्यांनी बंदच केलं नाही, मेडिकलमधून आणतात. आणि गुळवेलीची गोळी. हल्ली भूक नाही म्हणतात, पोट साफ होत नाही, पाणी खूप पितात, रात्री तीन-चारदा उठतात, आम्हाला वाटलं शुगर वाढली पण रिपोर्ट चांगला आला. पायाला मुंग्या येतात अशी तक्रार जुनीच आहे.

तालुक्याचा_बालरोगतज्ज्ञ
मी मुलांचा डॉक्टर, त्यामुळे सासऱ्यांना त्यांच्या फिजिशियनकडे न्यायचं आहेच, आणि उद्याच न्या. पाकीट, कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन आणि गुळवेल त्यांना दाखवेपर्यंत बंद. शुगरची गोळी बंद करू नका.
का ते सांगतो. आठवड्याला ६०,००० म्हणजे दिवसाला साडेआठ हजार युनिट झाले, स्वतःच्या मनाने रोज घेण्याची वरची मर्यादा मोठ्या माणसाला ४,००० आहे. वर कॅल्शियमच्या गोळीतलं डी वेगळं आणि मल्टिव्हिटॅमिनमधलं वेगळं. कमतरता असताना ८ आठवडे ते पाकीट हे चांगलं औषध आहे, पण वर्षानुवर्षं घेतलं की काहींच्या रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग भूक जाते, बद्धकोष्ठता, तहान, सारखी लघवी, पुढे उलट्या, भ्रम, किडनीवर ताण. तुम्ही लिहिलेली लक्षणं जवळपास हीच आहेत. कदाचित दुसरंच काही निघेल, प्रोस्टेटचं पण असू शकतं, पण रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि व्हिटॅमिन डीची पातळी तपासल्याशिवाय राहू नका. उलट्या सुरू झाल्या किंवा असंबद्ध बोलायला लागले तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.
आणि एवढ्या गोळ्यांत त्यांना ज्याची खरी गरज असायची शक्यता जास्त आहे त्याची तपासणी राहून गेलीय. मेटफॉर्मिन आणि गॅसची गोळी या दोन्हींनी बी१२ अंगी लागत नाही, त्यात माणूस शाकाहारी असेल तर आणखीच. पायाच्या मुंग्या शुगरमुळे आहेत असं सगळे धरून चालतात आणि त्यातल्या कित्येकांना बी१२ कमी असतं. ते बी१२ पण तपासा. नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आतून चालूच राहतं, म्हणून अंदाजाने गोळी नको.
गुळवेलीबद्दल राग येईल काहींना. कोविडच्या काळात मुंबईच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या पेशंटमध्ये लिव्हरला सूज आल्याच्या केसेस छापल्या, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. माझं मत एवढंच की रोज, बेमुदत, कुणाच्या देखरेखीशिवाय घ्यायचं ते औषध नाही.
लसी म्हणाल तर शुगर असलेल्या ६८ वर्षांच्या माणसाला फ्लूची लस दरवर्षी, पावसाळ्याच्या आधी एप्रिल-मेमध्ये, कारण फ्लूचा विषाणू बदलतो आणि लस पण त्याप्रमाणे बदलते. न्यूमोनियाची म्हणतात ती न्यूमोकोकल, कोणती मिळते त्यावर एक डोस की दोन ते ठरतं. नागिणीची लस २०२३ पासून आपल्याकडे मिळते, ५० च्या पुढच्यांना, दोन डोस, महाग आहे पण ज्याने घरात नागिणीनंतरची आग आग बघितलीय त्याला किंमत समजते. ताकदीची कुठलीही गोळी या जंतूंविरुद्ध नेमकी ताकद देत नाही, ते काम लसच करते.

लॅबवाली_कोल्हापूर
एक भर घालते. केसांसाठी, नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या खूप जण घेतात आणि लॅबमध्ये कुणी सांगत नाही. त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, थायरॉइड जास्त असल्यासारखा दिसतो, आणि हार्ट ॲटॅकची जी ट्रोपोनिन टेस्ट असते ती खोटी नॉर्मल येऊ शकते. सँपल देताना सगळ्या गोळ्या सांगा, बायोटिन दोन-तीन दिवस आधी डॉक्टरांना विचारून थांबवा. आणि थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी कॅल्शियम किंवा आयर्न तिच्यासोबत घेऊ नका, ४ तासांचं अंतर हवं, नाहीतर गोळी अंगी लागत नाही आणि डोस वाढत जातो.

पिंपरी_मम्मा
मल्टिव्हिटॅमिनचं मला खरंच माहीत नव्हतं, थँक्यू डॉक्टर. माझी मोठी १३ ची आहे, शाळेच्या ग्रुपवर गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या लसीची चर्चा चालू आहे, काही जणी म्हणतात पुढे मूल होण्यात अडचण येते. द्यायची का?

तालुक्याचा_बालरोगतज्ज्ञ
द्या, आणि १५ वा वाढदिवस व्हायच्या आत द्या. ९ ते १४ वयात ६ महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात, १५ नंतर तीन लागतात. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना एका डोसने पण चांगलं संरक्षण मिळतं असं म्हणते. आपल्या पुण्यात सीरम कंपनीत बनलेली लस २०२३ पासून बाजारात आहे, बाहेरच्या लसीपेक्षा बरीच स्वस्त. मूल होण्याशी किंवा पाळीशी तिचा संबंध नाही. भारतात बायकांच्या कॅन्सरमध्ये स्तनाच्या खालोखाल हाच आहे आणि त्याला कारण असलेला विषाणू अडवता येतो ही केवढी मोठी गोष्ट आहे. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करायचीच, ते तुम्ही पण करून घ्या.

नाशिककर_आई
शेवटचं एक. गुरुवारी रात्री ताप आला तर कोणतं औषध, किती? आज वजन केलं, ८ किलो.

तालुक्याचा_बालरोगतज्ज्ञ
पॅरासिटामॉल, आणि ताप आला तरच, आधीपासून देऊन ठेवायचं नाही. किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे ८ किलोला ८० ते १२० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ६ तास. ड्रॉप्स असतील तर बहुतेक १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतात, तर १ मिलीच्या आसपास. सिरप असेल तर ५ मिलीत १२० किंवा २५० असतात, दोन्ही बाटल्या मेडिकलमध्ये शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात, म्हणून लेबल वाचल्याशिवाय मापू नका आणि ड्रॉप्स चमच्याने कधीच देऊ नका. आणि हे लक्षात ठेवा की गोवरच्या लसीचा ताप त्याच रात्री येत नाही, आला तर आठवड्याभराने येतो, काही मुलांच्या अंगावर बारीक पुरळ पण येतं, दोन-तीन दिवसांत जातं. तेव्हा घरात परत लसीवरून चर्चा सुरू होईल, सासूबाईंना हे आत्ताच सांगून ठेवा. ताप १०२ च्या वर टिकला, बाळ मलूल झालं, दूध सोडलं किंवा झटका आला तर थेट दवाखान्यात.
सासऱ्यांच्या कॅल्शियमचा रिपोर्ट आला की इथे टाकायची वाट बघू नका, तो घेऊन आधी फिजिशियनकडे जा.